शाळा दरवर्षी बोटभर बुटकी

माझ्या नकाशात चार चौकोनी खोल्या होत्या,
वर पत्रा, समोर झेंड्याचा खांब.
आदिस अबाबाहून नळकांड्यात घालून आणला होता तो;
डोंगरावर धुकं इतकं, की उलगडला तोच मऊ पडला.

गातिसोनं तो उलटा धरून पाहिला. मग सुलटा.
आयुष्यभर घरं विणलेला म्हातारा. हो, विणलेलाच.
डोर्झेत घर बांधत नाहीत,
बांबूच्या कामट्या एकीखालून एक घालत
चार पुरुष उंच नेतात,
डालगं पालथं घालावं तसं,
आणि आत माणसं, वासरं, चूल.

"सगळ्यात लहान पोर केवढं?" त्यानं विचारलं.
मला खोल्यांची उंची पाठ होती.
पोराची नव्हती.

मागावरचा एक धागा घेऊन तो निघाला.
झुफान सापडली एन्सेटच्या बागेत,
केळीसारखी पानं, पण केळी न धरणारी ती झाडं;
हातात अर्धं खाल्लेलं कणीस, नाक वाहतंय.
तिच्या टाळूपाशी धाग्याला गाठ मारली.
फळ्याची खालची कड त्या गाठीवर बसली.
माझा झेंड्याचा खांब तेवढा राहिला.

इथल्या घराला पुढे नाक असतं,
हत्तीच्या तोंडासारखं, आत वाकून जायचं.
ते मी मोठं करू पाहत होते.
तो म्हणाला, "नको. पहिल्या दिवशी रडणारं पोर
बसेल कुठं?
ना आत, ना बाहेर, अशी जागा लागते."
मी खोडरबर ठेवून दिलं.

अडलं ते चुलीपाशी.
शाळेत जाळ नको, असा नियम.
तो म्हणाला, धूर नसेल तर किडा कामट्या खातो,
दोन पावसाळ्यांत भिंतीचा भुगा.
मी पत्र लिहिलं. उत्तर आलं. पुन्हा लिहिलं.
शेवटी ठरलं, रोज एकेका घरची बाई येईल,
मधोमध चूल पेटवील, एन्सेटची भाकर थापील.
पाहणीला आलेले साहेब दारात कपाळ आपटून आत आले,
वहीत बोट ठेवून म्हणाले,
"या बाई कोणता विषय शिकवतात?"
वान्नोरे तव्यावरून मान न उचलता म्हणाली,
"भूक."
पोरं हसली. साहेबांनी दोन भाकरी खाल्ल्या.

टिकाऊपणाचा रकाना मात्र रिकामाच राहिला.
गातिसो म्हणाला, लिही की,
जमिनीलगतचं वाळवी खाते, घर खाली उतरतं.
दरवर्षी बोटभर.
दार फार खाली गेलं की वर नवं कापायचं.
माझं स्वतःचं घर माझ्या लग्नात हत्ती होतं,
आता म्हैस आहे. मीही तसाच.
सिमेंटचा जोता घालू या, मी म्हणाले.
तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला,
कुणी माणसाला म्हातारं होऊ नको म्हणावं, तसं.

जोता घातला नाही.
रकान्यात लिहिलं: साठ वर्षं, उतरत्या उंचीनं.
साहेबांनी सही केली, बहुधा न वाचता.

परवा चौथ्या वर्षी गेले.
नाकात कुणीसं बसलं होतं, नवं, फुरंगटलेलं;
मी त्याला ओलांडून आत गेले.
दाराशेजारच्या बांबूवर पोरांनी कोयत्यानं
आपापल्या उंचीच्या खाचा पाडल्यात.
झुफाननं पाठ टेकवून दाखवली:
"पहिलीतली माझी खाच. बघ, केवढी वाढले!"

बांबू खालून चार बोटं गेला होता.
खाचही त्याच्याबरोबर खाली आली होती.
ती जेवढी वाढली, त्याहून चार बोटं जास्त वाढली होती.

मी मोजपट्टी खिशातून काढली,
आणि तिच्या हातात दिली,
तिला ती करदोट्यासारखी कमरेला बांधायची होती.